आवक-जावक

कार्यालयात आलेले टपाल आधी बारनिशीत जाते. तेथील कारकून पाकीट फोडतो, पत्रावर शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो आणि वहीतील रकाने भरतो : दिनांक, कोणाकडून आले, कोणाकडे दिले, विषय. बाहेर जाणाऱ्या पत्रांसाठी जावक वही निराळी. पत्रातल्या मजकुराशी या माणसाचे काही देणेघेणे नसते. नसते म्हणजे नसावे असा संकेत आहे. पाकीट तर त्यानेच फोडलेले असते आणि 'विषय' हा रकाना भरायचा तर दोन ओळी वाचाव्याच लागतात. चांगला बारनिशी कारकून कोण, तर ज्याला किती वाचायचे आणि कोठे थांबायचे हे कळते तो. आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत असे एक गृहस्थ होते. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हातून सबंध संस्थेची भांडणे, बढत्या, खुलासे आणि दिलगिरीपत्रे गेली. पण त्यांच्या तोंडून कधी कोणाची एक ओळ बाहेर आली नाही. मला ते फारसे महत्त्वाचे वाटत नसत. आता वाटतात. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेख.

अहमदनगर जिल्ह्याच्या (2024 पासून अहिल्यानगर) उत्तर भागातील एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो. 2008 मध्ये महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील तंत्रज्ञ पुण्याला नोकरी मिळाल्याने निघून गेला आणि नवा माणूस येईपर्यंतचा 'कार्यभार' माझ्याकडे आला. पात्रता एवढीच, की देवनागरी टंकाच्या नादापायी मी घरी लिनक्स वापरत असे आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून काम करण्याची मला भीती वाटत नसे. मराठीच्या माणसाला यंत्राची किल्ली मिळाली याचे विभागात कौतुक झाले, थोडी थट्टाही झाली. नवा माणूस यायला पुढे दीड वर्ष लागले.

कक्षात बावीस संगणक होते. त्यांच्यात आणि बाहेरच्या महाजालात एक जुने यंत्र मध्यस्थ म्हणून बसवलेले होते. त्यावर स्क्विड नावाची प्रणाली चाले. तिला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. जिन्याखालच्या कपाटात ते यंत्र घोंघावत असे. मी माझ्या टेबलावरून आज्ञेच्या ओळीने तिच्याशी बोलत असे. कोणीही कोणतेही पान मागितले की ती मागणी या मध्यस्थाकडे येई. तो पान आणून देई आणि आपल्या वहीत एक ओळ लिही. ही वही म्हणजे लॉग. मूळ शब्द जहाजावरचा : गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा ओंडका बांधून तो समुद्रात टाकायचा, ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या त्यावरून वेग मोजायचा आणि तो वहीत लिहायचा. ओंडका गेला, वही राहिली, आणि वहीला ओंडक्याचेच नाव राहिले.

या वहीची ओळ कशी असते ते सांगतो, कारण पुढचे सारे त्या रकान्यांवर उभे आहे. पहिला रकाना वेळेचा. तो आपल्या पंचांगाप्रमाणे नसतो, ग्रेगरी दिनदर्शिकेप्रमाणेही नसतो. 1 जानेवारी 1970 पासून किती सेकंद लोटले ती दहा आकडी संख्या तेथे असते. शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, फसली सन यांच्याशी कुस्ती खेळलेल्या मराठीच्या प्राध्यापकाला आणखी एका शकाचे वावडे असण्याचे कारण नव्हते. मग पान आणायला किती वेळ लागला, कोणत्या यंत्राने मागितले, मिळाले की नाही, किती बाइट आले, आणि शेवटी पानाचा पत्ता. माणसाचे नाव कोठेही नाही. आमच्याकडे यंत्राच्या क्रमांकावर ओळख संपत असे.

अशा ओळी दिवसाला हजारोंनी जमतात. त्या डोळ्यांनी वाचायच्या नसतात. त्यासाठी छोटी छोटी अवजारे आहेत. 'टेल' ही आज्ञा वहीचा शेपटाकडचा भाग दाखवते आणि तिला एक अक्षर जोडले की नवी ओळ पडेल तशी समोर येत राहते. 'ग्रेप' हवा तो शब्द असलेल्या ओळीच तेवढ्या वेचून काढते. 'ऑक' हे तिच्या तीन कर्त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचे नाव. ती एकेक रकाना सुटा करते, बेरजा करते. एकीचे उत्तर दुसरीच्या हाती द्यायचे, दुसरीचे तिसरीच्या. प्रत्येकीला एकच काम येते, पण ते चोख येते. ज्याने कधी ज्ञानेश्वरीची शब्दसूची चाळली असेल, एखादा शब्द कोठे कोठे आला आहे हे बोटाने शोधले असेल, त्याला या कामातला आनंद वेगळा सांगायला नको. मला तो आनंद मिळू लागला. सकाळचा तास संपला की मी 'टेल' लावून बसे. अकरा वाजता बी.कॉम.ची मुले आली की ओळी धो धो वाहू लागत, दुपारी मंदावत. मध्येच अडीच-तीन तासांची कोरी जागा दिसे. ती भारनियमनाची. वीज गेली असे वहीत कोठेही लिहिलेले नसे, कारण लिहिणाराच बंद पडलेला असे. पण दोन ओळींच्या वेळांतील अंतर पाहिले की कळे. मौनाचाही अर्थ लावायचा असतो, हे आपण कवितेच्या तासाला सांगतो. ते इथे असे शब्दशः समोर आले.

हे तंत्र आले कोठून, हेही मी त्या काळात वाचून काढले. 1986 मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणकाच्या हिशेबातील एक फरक शोधायचे काम आले. फरक होता 75 सेंटचा. कोणी तरी काही सेकंद यंत्र वापरले होते आणि त्याचे पैसे भरले नव्हते. स्टॉलने बाहेरून येणाऱ्या तारांना छापयंत्रे जोडली आणि त्या अज्ञाताने दाबलेली प्रत्येक कळ कागदावर उतरवली. अनेक महिन्यांनी माग निघाला तो पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत. तेथील एक तरुण अमेरिकी लष्करी संगणकांतील माहिती सोव्हिएत गुप्तहेरांना विकत होता. पुढे 1988 च्या सुमारास त्याच प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी 'टीसीपीडम्प' लिहिले. तारेवरून जाणारी पुडकी पकडून त्यांचे पत्ते, आणि हवा तर मजकूरही, एकेका ओळीत मांडणारी ही आज्ञा आजही वापरात आहे. जालपत्त्यासाठी लावलेले यंत्र एरवी आपल्या नावाचे पुडके तेवढे उचलते; या आज्ञेच्या सांगण्यावरून ते समोरून जाणारे प्रत्येक पुडके उचलू लागते. अशा अवस्थेला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा मराठी अर्थ स्वैराचारी असा होतो. नाव ठेवणाऱ्याला या कामाच्या नैतिकतेची कल्पना असावी.

स्टॉलची गोष्ट वाचून मलाही आपण काही तरी पवित्र राखण करत आहोत असे वाटू लागले होते, हे कबूल केले पाहिजे. पहारेकऱ्याला चोराची वाट पाहण्याची सवय लागते.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. दुपारी साडेतीन ते पाच या वेळात जोडणी इतकी मंद होई की पान उघडता उघडता चहा पिऊन होई. कोणी तरी चित्रपट उतरवून घेत आहे, कोणी तरी 'नको ते' पाहत आहे, अशी कुजबुज सुरू झाली. वरिष्ठांनी मला बोलावून घेतले. "कोण काय बघतो ते कळलं पाहिजे," ते म्हणाले. मी यंत्रनिहाय आकडे देऊ शकतो असे म्हणालो. "आकडे नकोत. काय बघतो ते."

येथे एक तांत्रिक तपशील महत्त्वाचा आहे. स्क्विड पानाचा पत्ता लिहिताना प्रश्नचिन्हापुढचा भाग आपणहून गाळते. शोधयंत्रात आपण जे शब्द टाकतो ते त्या प्रश्नचिन्हाच्या पुढे असतात. म्हणजे कोणी तरी काही तरी शोधले एवढे वहीत येते. काय शोधले ते येत नाही. वापरणाऱ्याचा खाजगीपणा राखला जावा आणि वहीही फुगू नये, असे कारण प्रणालीच्या माहितीपत्रकातच दिलेले आहे. हे वागणे बदलायचे तर मांडणीच्या फायलीत एक ओळ घालावी लागते. बारनिशीतल्या कारकुनाचा संकेत प्रणालीच्या कर्त्यांनी असा एका ओळीत बांधून ठेवला होता. ती ओळ मी बदलली. अर्धा मिनिट लागले. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. आकड्यांवर भागत होते, हे मला ठाऊक होते. मला वाचायचे होते.

दोन आठवड्यांची वही जमल्यावर मी बेरजा केल्या. मंदपणाचे कारण फार निरुपद्रवी निघाले. दुपारी साडेतीनला वीज परत येई, सगळे संगणक एकदम सुरू होत आणि प्रत्येक जण आपापल्या प्रणालीच्या सुधारणा व विषाणूंच्या नव्या याद्या मागू लागे. तीच फाइल बावीस वेळा. हे निष्पन्न व्हायला लागणारे सर्व रकाने आधीच्या वहीतही होते. वेळ, यंत्र, बाइट, पत्त्याचा पहिला भाग, बस्स. प्रश्नचिन्हापुढचे एक अक्षरही त्यासाठी लागले नाही.

पण ते आता माझ्यासमोर होते. इंग्रजी शोध सरळ वाचता येत : निकाल, प्रश्नपत्रिका, नटनट्या, रेल्वेचे आरक्षण. मध्येच काही ओळी लांबलचक आणि अगम्य दिसत. टक्क्याचे चिन्ह, ई-शून्य, टक्का, ए-चार, टक्का, आणखी काही, आणि पुन्हा तेच. ही आपली देवनागरी. जालपत्त्यात रोमन लिपीबाहेरचे अक्षर तसेच्या तसे पाठवण्याची सोय नसल्याने त्याचे असे संकेत केले जातात. देवनागरीच्या एका वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात आणि एकेका बाइटला तीन चिन्हे. 'अक्षर' हा शब्द अ, क, हलन्ताची खूण, ष, र अशी पाच चिन्हे. वहीत तो पंचेचाळीस चिन्हांचा होऊन येतो.

अशी ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमच्या सरांची आठवण झाली. मी त्यांचा विद्यार्थी, मग त्याच विभागात त्यांचा कनिष्ठ सहकारी. सर महानुभाव वाङ्मय शिकवत. सकळ लिपीवरचे त्यांचे व्याख्यान ऐकायला इतिहासाची मुलेही येऊन बसत. एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर लिहून पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके झाकून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली, हे ते अशा रंगात सांगत की पोरे टाळ्या वाजवत. टाळ्या थांबल्या की सर एक प्रश्न विचारत : ज्यांनी हे झाकून ठेवले होते त्यांना हे उघडलेले आवडले असते का? वाङ्मयाच्या इतिहासाचा फायदा झाला, यात शंका नाही. पण ज्याचे आहे त्याला विचारले होते का? या प्रश्नाचे उत्तर ते कधी देत नसत. परीक्षेला तो येत नसल्याने आम्हीही त्यावर कधी विचार केला नाही.

संकेत उलगडण्यासाठी मी दोन ओळींची एक आज्ञा लिहिली. टक्क्यांच्या रांगांतून पडद्यावर मराठी उमटू लागली. भूमितीतील एखादी रचना अचानक जुळावी तसा आनंद झाला. मग मी वाचले. तिसऱ्या क्रमांकाच्या यंत्रावरून, दुपारी चारच्या सुमारास, वेगवेगळ्या दिवशी कोणी तरी विचारले होते : हात थरथरणे. मग, उजवा हात थरथरणे कारणे. मग, लिहिताना अक्षर बारीक होणे. त्या काळी महाजालावर मराठीत असे काही फारसे सापडत नसे. ते विचारणाऱ्यालाही कळले असावे, कारण दोन दिवसांनी तेच प्रश्न अडखळत्या इंग्रजीत आले होते. शेवटचा शोध एकाच शब्दाचा होता. कंपवात.

वहीत माणूस नसतो, यंत्र असते, असे मी वर म्हटले. पण कक्षाच्या दाराशी आणखी एक वही होती, कागदाची. येणाऱ्याने नाव, यंत्र क्रमांक, वेळ लिहून सही करायची. मी दहा आकडी सेकंदांची तारीख-वार वेळ केली आणि ती वही उघडली. एकट्या नोंदीत न सापडणारा माणूस दोन नोंदी शेजारी ठेवल्या की सापडतो. सगळ्या पाळतीचे सूत्र एवढेच आहे. तिसरे यंत्र, चार वाजून पाच मिनिटे. सरांची सही होती.

संगणकाला 'तुमचा डबा' म्हणणारे सर दुपारी कक्षात येऊन बसतात हेच मला नवे होते. पण मी पाहत राहिलो ती सही. सरांचे अक्षर हा आमच्या विभागाचा अभिमान होता. फळ्यावरचा त्यांचा मजकूर पुसायला जीव होत नसे. वहीतली सही मुंगीएवढी होती. पहिले अक्षर बरे, मग आक्रसत आक्रसत शेवटी नुसती रेघ. मी कचेरीत जाऊन काही तरी निमित्त सांगून मागच्या तीन वर्षांचे हजेरीपट काढले. 2005 ची सही रकान्याच्या बाहेर जाणारी, लपेटीदार. 2006 मध्ये रकान्यात मावणारी. 2007 च्या दिवाळीनंतर रकान्याच्या निम्म्यात. आम्ही चौदा जण रोज सकाळी त्याच पानावर, त्यांच्या सहीच्या वर किंवा खाली आपली सही करत होतो. हस्तलिखितांवरून लेखनकाल ठरवायला शिकलेली, वळणावरून लेखक ओळखणारी माणसे आम्ही. जे जाणायला मला चोरून वाचावे लागले ते तीन वर्षे उघड्या पानावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर लिहिले जात होते.

वरिष्ठांना मी एक पानी अहवाल दिला : सुधारणा एकदाच उतरवून मध्यस्थावर साठवाव्या, वेळा विभागून द्याव्या. "बाकी काही?" त्यांनी विचारले. "काही नाही," मी म्हणालो. घातलेली ओळ त्याच दिवशी काढून टाकली. दोन आठवड्यांच्या वह्या पुसल्या. जोडणी सुधारली. माझे अभिनंदन झाले.

डोक्यातली वही मात्र पुसण्याची आज्ञा नसते. शिक्षककक्षात सर बशीत चहा ओतून घेणे टाळू लागले, हे आता मला दिसे. उजवा हात कोटाच्या खिशात राही. सभांची इतिवृत्ते ते लिहीत. मी 'सर, मला सवय होईल' असे म्हणून ते काम मागून घेतले. फळ्यावर लिहिण्याऐवजी सुट्या प्रती वाटाव्या असे सुचवून त्या मी टंकून देऊ लागलो. त्यांनी प्रत्येक वेळी एक क्षण माझ्याकडे पाहिले आणि होकार दिला. मी चांगला वागत होतो, आणि प्रत्येक चांगल्या वागण्यामागे मी त्यांच्याकडून न मिळवलेली माहिती होती. त्यांच्या घरी तरी हे ठाऊक होते की नाही, तेही मला माहीत नव्हते. विचारणार कसे? विचारले की कळले कसे, हे सांगावे लागणार.

आमच्या जिल्ह्यातील शनिशिंगणापूरला घरांना दारे नसतात, हे सर्वांना ठाऊक आहे. 2011 मध्ये युको बँकेने तेथे कुलुपाविना शाखा उघडली तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. बाहेरचा माणूस त्यात फक्त चोर आणि देवाचा धाक पाहतो. मला त्या काळात वेगळेच जाणवे. दार नसलेल्या घरासमोरून जाताना तेथील माणूस आत पाहत नाही. चौकट उघडी आहे म्हणजे आत डोकावायची मुभा आहे असा अर्थ तो घेत नाही. माझ्याकडे बावीस यंत्रांची किल्ली होती, म्हणजे माझ्यापुरते कोठेच दार नव्हते.

पुढे या नोंदींना कायद्याचे रूप आले. 2011 च्या सायबर कॅफेविषयक नियमांनी चालकांना ग्राहकाची ओळख, नोंदवही आणि पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास किमान एक वर्ष जपायला सांगितले. दोन संगणकांमधल्या आडोशाची उंचीसुद्धा साडेचार फुटांपेक्षा जास्त नको असे ठरवून दिले. एप्रिल 2022 मध्ये 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने संगणक प्रणालींच्या नोंदी 180 दिवस ठेवण्याचा निर्देश काढला. या आदेशांमागची कारणे खोटी नाहीत. चोर असतात, आणि वही नसेल तर माग लागत नाही. दुसऱ्या बाजूने तंत्रही बदलले. 2013 च्या सुमारास गूगलने सर्वांचेच शोध कुलूपबंद करून पाठवायला सुरुवात केली आणि माझ्यासारख्या मध्यस्थाला आता पत्त्यातील संस्थळाचे नाव तेवढे दिसते. प्रश्नचिन्हापुढचे काही दिसत नाही. म्हणजे तो मोह माझ्या हातून काढून घेतला गेला. तो संपला असे नव्हे. पलीकडच्या टोकाला ज्यांच्याकडे प्रश्न पोचतात त्यांच्याकडे तो एकवटला.

2012 मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन नगरचा भुईकोट किल्ला पाहायला गेलो होतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. दारावरच्या वहीत आम्ही नावे लिहिली आणि आत गेलो. ऑगस्ट 1942 पासून काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद येथे स्थानबद्ध होते. 1944 मध्ये पाच महिन्यांत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले ते येथे. मुलांना तेवढे माहीत होते. मौलाना आझादांचे 'गुबार-ए-खातिर' त्यांना माहीत नव्हते. आझादांनी या भिंतींच्या आत हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राच्या नावे पत्रे लिहिली : चहाविषयी, चिमण्यांविषयी, संगीताविषयी. ती टपालात जाणार नव्हती, हे लिहितानाच ठाऊक होते. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नीचे कलकत्त्याला निधन झाले तेव्हाही ते येथेच होते. पत्रे 1946 मध्ये पुस्तकरूपाने आली. मी मुलांना हे सांगत असताना माझ्याच मनात एक गोष्ट जुळली. पोचणार नाही हे ठाऊक असूनही माणूस कोणाला तरी उद्देशून लिहितो, कारण ते कोणाला तरी सांगायचे असते. तिसऱ्या क्रमांकाच्या यंत्रावर दुपारी चार वाजता कोणी काय लिहीत होते, याचा मी तोवर फक्त 'माहिती शोधणे' असा अर्थ लावला होता.

सर 2011 मध्ये निवृत्त झाले आणि नगरला सावेडीत मुलाकडे राहायला गेले. तोवर आजार लपण्यासारखा राहिला नव्हता. 2014 च्या मे महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. बोलणे जड झाले होते. पण समज लख्ख होती. मी ठरवून गेलो होतो. सारे सांगितले : ती ओळ, टक्क्यांची लिपी, दाराची वही, हजेरीपट. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही. सकळ लिपीचा उल्लेख आला तेव्हा किंचित हसल्यासारखे वाटले. कंपवाताने आखडलेल्या चेहऱ्यावरचे हसू वाचणे कठीण असते.

बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "किती साली म्हणालास?"

"2008. ऑगस्ट."

"घरी मी 2009 च्या संक्रांतीला सांगितलं." पुन्हा थांबले. "पाच महिने कुणाला सांगितलं नव्हतं. तुला ठाऊक होतं."

"हो, सर. चुकलं माझं. वाचायला नको होतं."

"नको होतं," ते म्हणाले. त्यात सूट नव्हती. मग म्हणाले, "पण वाचलंस, तर मग यायचं होतंस. इतिवृत्तं कसली मागून घेत बसलास?"

मला उत्तर देता आले नाही. मी सहा वर्षे एकाच गुन्ह्याचे ओझे वाहत होतो आणि दुसरा गुन्हा मला दिसलाच नव्हता. त्याला मी सभ्यपणा समजत होतो. त्यांनी मग विषय बदलला, नव्या अभ्यासक्रमात लीळाचरित्र किती पाने उरले ते विचारले. म्हाइंभटांनी आठवणी कशा गोळा केल्या, ज्याने लीळा पाहिली त्याच्याकडे जाऊन, त्याच्यापुढे बसून, त्याला विचारून, आणि मग नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन, हे त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितले. शब्द अडखळत होते, म्हणून अर्धा तास लागला. मला तो तास ठाऊक होता. तरी मी ऐकला. निघताना त्यांनी डाव्या हाताने माझा दंड धरला आणि दारापर्यंत आले. 2017 मध्ये ते गेले.

संगणक कक्षाची तांत्रिक कामे आता दुसरे लोक पाहतात. पण महाविद्यालयाच्या संबंधित समितीवर मी अजून आहे. नोंदी असाव्यात असे माझे मत आहे. त्यात यंत्र, वेळ, बाइट असावेत. कायद्याने मागितले तितके दिवस असावेत आणि मग न चुकता पुसले जावेत. नवा तंत्रज्ञ आला की मी त्याला ती एक ओळ दाखवतो आणि ती का बदलायची नाही हे सांगतो. तो मान डोलावतो. मराठीच्या प्राध्यापकाला एवढे कसे ठाऊक, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर असतो. तो विचारत नाही.

एक सवय मात्र मला लागली आहे. सकाळी हजेरीपटावर सही करताना मी पान वरपासून खालपर्यंत एकदा पाहतो. इंग्रजी विभागातील एका सहकाऱ्याची सही गेल्या महिन्यापासून फार घाईची दिसते. त्याआधी ती तशी नव्हती. काही नसेलही. परवा मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि "सर, चहा घ्यायचा का?" असे विचारले.